सतरा मिनिटांत एक वर्ष: आयनांचा मारा करून प्रयोगशाळेत अवकाश उभं करता येतं का?

प्रश्न: मी कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याचा काळा दगड चंद्रावरच्या दगडाच्या जागी घ्यायचा आणि त्यावर आयनांचा मारा करायचा, असा प्रोजेक्ट डोक्यात आहे. प्रयोगशाळेत तासाभरात अवकाशातली कित्येक वर्षं ‘करता’ येतात असं वाचलं. हे खरं आहे का? कुठला आयन घेऊ, किती ऊर्जा, किती डोस? आणि कोल्हापुरात अ‍ॅक्सिलरेटर नाही, तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

आधी हिशेब मांडू, शंका नंतर काढू. तू वाचलंस ते खोटं नाही.

पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे तितक्या अंतरावर सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्यातून सतत सुटणाऱ्या कणांच्या झोतात, एका घन सेंटिमीटरला साधारण ५ प्रोटॉन असतात आणि ते सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं येतात. गुणाकार केलास की चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला २० कोटी प्रोटॉन. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाखांच्या आसपास. म्हणजे वर्षाला ६ वर पंधरा शून्यं, थोडे जास्तच. आता प्रयोगशाळेतला बीम बघ. चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर म्हणजे अगदी साधा प्रवाह, तरी त्यात सेकंदाला ६ लाख कोटींहून जास्त आयन असतात. भागाकार केला की उत्तर येतं हजार सेकंद. सतरा मिनिटं. कॅन्टीनला जाऊन चहा घेऊन परत येईपर्यंत सॅम्पलचं एक वर्ष उलटलेलं असतं.

चंद्रासाठी तर आणखी स्वस्त पडतं. चंद्र गोल आहे, अर्धा वेळ रात्र असते, कडेच्या भागात वारा तिरपा लागतो. सगळी सरासरी काढली की पृष्ठभागाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. शिवाय दर महिन्याला काही दिवस चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत शिरतो, तेव्हा सौरवारा जवळजवळ बंदच. म्हणजे चार मिनिटांतच वर्ष झालं.

पण हा हिशेब फक्त नगांचा आहे. तू पन्हाळ्याकडची म्हणजे गुऱ्हाळ बघितलेलं असणारच. दिवसभरात चुलवाणात जेवढी चिपाडं जातात तेवढी सगळी अर्ध्या तासात कोंबली तर गूळ लवकर होत नाही, काहिलीला लागून करपतो. उष्णता तेवढीच, चिपाडंही तेवढीच, तरी गुळव्या कपाळावर हात मारून घेईल. आयनांचं असंच आहे. एक प्रोटॉन दगडात शिरला की भोवतालच्या पाचेक नॅनोमीटर टापूत अणू जागचे हलवतो असं धर. चंद्रावर त्याच टापूत दुसरा प्रोटॉन यायला सहा-सात तास लागतात. तोवर हललेले काही अणू परत जागेवर बसतात, अडकलेला हायड्रोजन थोडा सरकतो, थोडा उडून जातो. आपल्या बीममध्ये मात्र दुसरा प्रोटॉन सेकंदाच्या आत येऊन आदळतो. पहिल्याची मोडतोड निस्तरायच्या आधीच दुसरी. मग चंद्रावर टिकला असता असा एखादा पदार्थ आपल्याकडे लवकर काचेसारखा होतो, काही वेळा उलटही होतं. डोस, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर पडलेले एकूण आयन, सारखा म्हणजे परिणाम सारखा, हे गृहीत धरायचं नाही. ते तपासायचं. एकच डोस दोन वेगवेगळ्या प्रवाहांवर देऊन बघायचा, एकदा १ मायक्रोअँपिअरला, एकदा त्याच्या दहाव्या हिश्शाला. दोन्ही सॅम्पलं सारखी निघाली तर जरा निर्धास्त व्हायचं. एवढी एक जोडी केली नसेल तर ‘अमुक वर्षांइतका परिणाम’ हे वाक्य प्रबंधात लिहू नकोस, परीक्षक तिथेच धरतील. मी तरी धरतो.

याच्याच पोटात उष्णतेचा घोळ आहे. १ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला १ मायक्रोअँपिअर म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅट. पृथ्वीजवळ अवकाशात ऊन त्याच चौरस सेंटिमीटरवर १३६ मिलिवॅट टाकतं, तेव्हा एक मिलिवॅटची पर्वा नको. पण बऱ्याच यंत्रांवर १ केईव्हीचा स्थिर बीम मिळत नाही म्हणून लोक १०० केईव्हीवर जातात. तिथे तोच प्रवाह १०० मिलिवॅट झाला. वेळ वाचवायला प्रवाह दहापट केला की १ वॅट. भुकटीची दाबून केलेली वडी, आणि तीही निर्वातात, उष्णता वाहून न्यायला जवळपास काहीच नाही. मागे लावलेलं थर्मोकपल वडी बसवलेल्या तांब्याच्या पट्टीचं तापमान सांगतं, वडीच्या वरच्या कातडीचं नाही. मग पुढे जो बदल दिसतो तो माऱ्याचा की भाजण्याचा?

‘कुठला आयन, किती ऊर्जा’ या प्रश्नाला माझा उलटा प्रश्न आहे: कुठलं अवकाश? चंद्राच्या मातीला मुख्यतः सौरवारा लागतो. तो १ केईव्हीच्या आसपासचा, सोबत साधारण चार टक्के हेलियम, त्याची ऊर्जा ४ केईव्ही. हे आयन वीस-तीस नॅनोमीटर, फार तर त्याहून थोडे आत जातात. केसाच्या जाडीचा दोन-तीन हजारावा भाग. उपग्रहाच्या सोलर सेलला त्रास देतात ते पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांमध्ये अडकलेले आणि सौरवादळात सुटलेले एमईव्हीचे (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) प्रोटॉन. १ एमईव्हीचा प्रोटॉन सिलिकॉनमध्ये सोळाएक मायक्रॉन जातो, १० एमईव्हीचा पाऊण मिलिमीटरच्या घरात. आणि आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण आणखी निराळे. त्यांची ऊर्जा जीईव्हीमध्ये, म्हणजे हजार-हजार एमईव्हीत, मोजतात, ते उपग्रहाच्या भिंतीतून आरपार जातात, पण संख्येनं अगदी थोडे, चौरस सेंटिमीटरला सेकंदाला चारेक. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रोटॉन, नऊएक टक्के हेलियम, बाकी एक टक्क्यात सगळे जड.

हे एवढं विस्तारानं सांगतोय कारण आपल्याकडे यातच सर्रास गल्लत होते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरच्या पेलेट्रॉनवर, म्हणजे आयनांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, १०० एमईव्हीचा चांदीचा बीम अगदी प्रसिद्ध आहे. मीही तो वर्षानुवर्षं वापरला. फिल्म छान बदलते, पेपर छान होतो, आणि प्रस्तावनेत पहिलं वाक्य हमखास असं असतं की अवकाशातल्या किरणोत्साराला हा पदार्थ कसा टिकेल ते आम्ही पाहिलं. अरे, चांदी दागिन्यांच्या हुपरीत आहे, अवकाशात कुठली! १०० एमईव्हीची चांदी म्हणजे न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या एका कणामागे) जेमतेम १ एमईव्ही, ती दहा-पंधरा मायक्रॉनमध्ये थांबते आणि जाताना नॅनोमीटरमागे दहा केईव्हीच्या घरात ऊर्जा ओतते. वैश्विक किरणांतलं लोखंड असं वागत नाही. आणि डोस? चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी आयन, ज्याला लॅबमध्ये सगळे ‘टेन टू द ट्वेल्व्ह’ म्हणतात, तो आपल्याकडे नेहमीचा आकडा. वैश्विक किरणांतले सगळे जड आयन एकत्र धरले तरी एवढी संख्या व्हायला आठेक लाख वर्षं लागतील. उपग्रह पंधरा वर्षं चालला तरी पुष्कळ. त्या डोसला आयनांच्या वाटा एकमेकींना चिकटायला लागतात, म्हणजे पदार्थाचा नवाच प्रकार तयार होतो. ते पदार्थविज्ञान म्हणून उत्तम आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला अवकाश म्हणायचं नाही.

चिपची चाचणी त्याच यंत्रावर होते, पण तिथे विचार वेगळा असतो. एकच जड आयन गेला आणि मेमरीतला बिट उलटला का, एवढंच बघायचं असतं, म्हणून डोस एक कोटीच्या आसपास ठेवतात. मघाच्या लाख कोटींसमोर हा किती लहान आकडा आहे बघ. तिथे चांदी चालते, कारण प्रश्न ‘किती वर्षं’ हा नसून ‘एका आयननं चिपमध्ये किती ऊर्जा टाकली’ हा असतो. यंत्र तेच आणि आयनही तोच, पण प्रश्न बदलला की तोच प्रयोग बरोबर ठरतो.

आता तुझा दगड. कल्पना गोड आहे. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, आपला सह्याद्रीही बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पन्हाळ्यावर वरती जांभा आहे तो सोड, खालचा काळा पाषाण घेतलास तरी दोन अडचणी आहेत. पहिली, आपल्या बेसॉल्टनं पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही पाहिलेत. त्यात फेरिक, म्हणजे जास्त ऑक्सिडाइज झालेलं, लोखंड आहे, मॅग्नेटाइटच्या जातीचे काळे कण आहेत, पोकळ्यांत झिओलाइट, भेगांत माती. चंद्राच्या दगडात पाणी नावाला, आणि फेरिक लोखंड जवळपास नाहीच. दुसरी अडचण जास्त व्यवहारी आहे. सौरवारा आणि सूक्ष्म उल्का यांनी चंद्राच्या मातीच्या कणांवर जे होतं त्याला आपण अवकाशी झीज म्हणू. त्यात खनिजातलं लोखंड सुटून धातूचे नॅनोमीटरभर कण तयार होतात, आणि त्यामुळे माती काळवंडते, तिचा वर्णपट लालसर बाजूला झुकतो. तुझा दगड आधीच काळा. काळ्यावर काळं किती चढलं, ते मोजणार कसं? आणि नॅनो लोखंड चुंबकीय मोजणीनं शोधायला गेलीस तर मुळातलं मॅग्नेटाइटच ओरडून उत्तर देईल.

त्यापेक्षा ऑलिव्हिन हे लोखंड असलेलं हिरवट खनिज घे. परदेशातून मागवायची गरज नाही. दागिन्यातला पेरिडॉट म्हणजे चांगल्या प्रतीचं ऑलिव्हिनच. गुजरीत, आपल्या सराफ पेठेत, रत्नवाल्यांकडे विचार, अंगठीत न बसणारे फुटके बारीक खडे स्वस्तात मिळून जातात. मात्र हिरवी काचही त्याच भावात गळ्यात मारतात, म्हणून आधी रामन वर्णपट काढ, लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखता येतो. ८२० आणि ८५५ च्या आसपास जोडीनं दोन उंच शिखरं दिसली तर ऑलिव्हिन, नाहीतर परत दे. ते अ‍ॅगेटच्या खलात वाट, लोखंडी खल वापरू नकोस. जे लोखंड शोधायचं तेच आपण घालायचं का! ऑलिव्हिन फिकट असतं, १ मायक्रॉनजवळ त्याचा रुंद शोषणपट्टा असतो. मारा झाल्यावर तो उथळ होतो आणि दृश्य भागात परावर्तन घटतं, हे इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाश गोळा करणारा गोल) असलेल्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर स्वच्छ दिसतं. चंद्राच्या उजळ, डोंगराळ भागाची नक्कल हवी असेल तर अ‍ॅनॉर्थोसाइट हा फिकट दगड हवा. इस्रोनं चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा वापरला होता. बेसॉल्ट पूर्ण सोडायचा नसेल तर तिसरं सॅम्पल म्हणून ठेव, पण प्रोजेक्ट त्याच्यावर उभा करू नकोस.

ही सगळी खटपट सार्थ आहे का, असं कधी वाटलं तर इतोकावा हा लघुग्रह आठव. पृथ्वीवर सर्वांत जास्त पडणाऱ्या साध्या काँड्राइट जातीच्या उल्का आणि दगडी लघुग्रह यांचे वर्णपट जुळेनात, हे कोडं कित्येक दशकं होतं. झिजेमुळे लघुग्रहाचं तोंड बदललंय, आत तोच दगड आहे, असं म्हणणारे होते आणि प्रयोगशाळेत आयन व लेझर मारून ते शक्य असल्याचं दाखवतही होते. २०१० मध्ये जपानच्या हायाबुसा यानानं इतोकावावरचे कण आणले. ते निघाले काँड्राइटचेच, आणि त्यांच्या कडांवर नॅनो लोखंड असलेली पातळ झिजलेली साय सापडली. प्रयोगशाळेतला अंदाज असा खऱ्या कणावर पडताळला जाणं फार क्वचित होतं.

चंद्राच्या बाबतीत आपल्या देशाचाही एक धडा आहे. चंद्रावर आदळणारा प्रोटॉन मातीत मुरतो, असं लोक धरून चालले होते. चांद्रयान-१ वरच्या सारा या उपकरणानं दाखवलं की त्यातले वीस टक्क्यांपर्यंत प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेऊन तटस्थ हायड्रोजन होऊन परत उडतात. म्हणून ‘एवढे पाठवले’ आणि ‘एवढे मुरले’ हे दोन वेगळे आकडे. मुरलेल्यांपैकी काही खनिजातल्या ऑक्सिजनला धरून हायड्रॉक्सिल बनवतात. तो शोधायचा तर सॅम्पल हवेत काढून चालणारच नाही, कोल्हापूरची पावसाळी हवा क्षणात त्याच्यावर खरं पाणी चढवेल.

आता माझी फजिती सांगतो, कारण या कामात खरी खोच कुठे असते ते त्यातून कळेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही ऑलिव्हिनच्या वड्या घेऊन बीमटाइमला, म्हणजे यंत्रावर आम्हाला मिळालेल्या वेळेला, गेलो. सॅम्पल लावायची तांब्याची पट्टी, तिला लॅडर म्हणतात, ती मी इथे उद्यमनगरात करून घेतली होती. लेथवरचा माणूस कसलेला. ड्रॉइंग हातात घेऊन त्यानं विचारलं, ‘‘सर, स्क्रूची भोकं आरपार काढू का बंद ठेवू?’’ मी म्हणालो बंद ठेव, नीट दिसतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि बंद ठेवली. घरी आणून मी पट्टी अ‍ॅसिटोननं लख्ख पुसली, वड्या लावल्या, स्क्रू आवळले.

चेंबर बंद केला, पंप सुरू केले, आणि व्हॅक्यूम एका आकड्यावर अडून बसला. दोन तास गेले, चार गेले. आमच्या वाट्याला तीन शिफ्ट, एक शिफ्ट आठ तासांची. प्रत्येक तास मोजलेला. मी ठरवलं, चालवून टाकू. बीम क्वार्ट्झवर पाडला, निळसर चमक टीव्हीवर दिसली, मध्यावर आणली, लॅडर खाली सरकवून वडी समोर घेतली. पहाटे चारला चेंबर उघडला तेव्हा हिरवट-पांढऱ्या वडीवर तपकिरी डाग होता, इतका सुरेख की विद्यार्थ्यानं टाळीच वाजवली. परावर्तन तीसएक टक्क्यांनी घटलेलं. निजामुद्दीनहून कोल्हापूरची गाडी दीड दिवसाची, त्या दीड दिवसात मी मनातल्या मनात अर्धा पेपर लिहून काढला.

घरी आल्यावर टेबलाच्या दिव्याखाली लॅडर सहज तिरपा धरला आणि बघतच राहिलो. वडीच्या कडेपासून तपकिरी रंग सरळ पुढे तांब्यावर गेला होता. बीमचा चौकोन अर्धा वडीवर, अर्धा धातूवर, मध्ये रेषासुद्धा नाही. तांब्यात ना ऑलिव्हिन, ना सुटायला लोखंड. त्यावर झीज कुठून येणार? रामन काढला. १३५० आणि १५८० जवळ दोन जाड उंचवटे, म्हणजे कार्बन, काजळीचा चुलतभाऊ. बंद भोकांच्या तळाशी कटिंग ऑइल राहिलेलं होतं. स्क्रू आवळल्यावर ते आणि थोडी हवा आत कोंडली गेली, आणि रात्रभर दोऱ्यांतून झिरपत राहिली. आयन त्या तेलाच्या वाफेचे रेणू फोडून जागच्या जागी कार्बनचा थर शिवत होते. आम्ही अवकाशाची नाही, स्टोव्हच्या काजळीची नक्कल केली होती. वर्ष गेलं. चूक लेथवाल्याची नाही, त्यानं विचारलं होतं.

यात आकडा किती बोलका आहे बघ. एक मिलियनांश टॉर (टॉर हे दाबाचं एकक) व्हॅक्यूम ऐकायला चांगला वाटतो. पण त्या दाबाला उरलेल्या वायूचे रेणू पृष्ठभागावर इतके आदळतात की चिकटले तर सेकंदा-दोन सेकंदांत एक थर पूर्ण होईल. मघाच्या १ मायक्रोअँपिअरच्या बीमशी तुलना केलीस तर एका आयनमागे साठ रेणू. आपण म्हणतो मी आयन मारतोय, पृष्ठभाग म्हणतो मला तर वाफच लागतेय. केईव्हीच्या आयनांची सगळी करामत वरच्या वीस-तीस नॅनोमीटरमध्ये असते, तिथे पाच नॅनोमीटर कार्बन म्हणजे चेष्टा नाही. म्हणून झिजेच्या प्रयोगाला हजारपट चांगला व्हॅक्यूम आणि तेल नसलेले पंप लागतात. १०० एमईव्हीवाल्यांना याचं फारसं सोयरसुतक नसतं, त्यांचा आयन त्या थरातून न बघता पुढे जातो.

हवेत काढण्याचा त्रास दुसऱ्या दिशेनंही होतो. उपग्रहांवर लावतात त्या झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या रंगाचं उदाहरण जुनं आहे. निर्वातात किरणांनी तो काळवंडतो, आणि बाहेर काढून मोजायला गेलं तर हवेतला ऑक्सिजन शिरून परत उजळतो. कपाटातून काढलेलं सॅम्पल म्हणतं मला काहीच झालं नाही. नॅनो लोखंडाचंही तसंच, बारीक कण हवेत गंजतात. शक्य तिथे मोजमाप चेंबरमध्येच करायचं, नाही जमलं तर किती मिनिटं हवेत होतं ते वहीत लिहायचं. दोन महिने डेसिकेटरमध्ये पडलेल्या वडीला ‘मारा झालेली’ म्हणून पेश करू नये.

आता तुझा शेवटचा प्रश्न, कोल्हापुरातून सुरुवात. सौरवारा हा अवकाशातला सर्वांत गरीब घटक आहे, १ ते ४ केईव्ही. त्याला पेलेट्रॉनसारखा उंच टॉवर लागत नाही. एक्सपीएस (एक्स-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) किंवा तत्सम यंत्रात पृष्ठभाग खरवडायला जी छोटी आयन गन असते ती अर्ध्या ते पाच केईव्हीचीच असते, आणि तिथला व्हॅक्यूम आपल्याला हवा तसाच स्वच्छ असतो. तिला नेहमी आरगॉन लावलेला असतो. आरगॉन नको, तो पृष्ठभाग नुसता सोलून काढेल. हेलियमचं सिलिंडर जोडायला यंत्र सांभाळणाऱ्यांना राजी करावं लागेल, ते सहज होणार नाहीत, गॅसलाइन धुवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. पण पश्चिम महाराष्ट्रात अशी गन शोधणं दिल्लीच्या बीमटाइमपेक्षा सोपं आहे. ४ केईव्हीचं हेलियम ऑलिव्हिनवर, तीन-चार वेगवेगळे डोस, आणि तिथेच एक्सपीएसवर लोखंडाचं शिखर धातूकडे सरकतंय का ते बघायचं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला एवढं पुरून उरेल. दगड भाजत नाही, पण वीज धरून ठेवतो, म्हणून गनसोबत इलेक्ट्रॉन फ्लड, म्हणजे साठलेला भार मारणारा इलेक्ट्रॉनांचा फवारा, चालू ठेवायला सांग. नाहीतर चार्ज साठून पुढचे आयन कडेला ढकलले जातात आणि तुझा डोस कागदावरच राहतो.

इलेक्ट्रॉनचा मारा हवा असेल तर पुणे विद्यापीठाचा मायक्रोट्रॉन जवळचा, ६ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनसाठी तो बराच वापरला गेलाय. सोलर सेलच्या कामाला ते बरं. जड आयन आणि मोठी ऊर्जा म्हटली की दिल्ली, किंवा मुंबईत कुलाब्याचा पेलेट्रॉन. दिल्लीचं केंद्र विद्यापीठांच्या लोकांसाठीच काढलेलं आहे, प्रस्ताव द्यायचा, वापरकर्त्यांच्या समितीसमोर मांडायचा, मंजूर शिफ्ट मिळतात. पण विद्यार्थिनीनं एकटीनं करायचं ते काम नव्हे, तुझ्या गाइडच्या नावानं जाऊ दे. प्रोटॉनचा मोठ्या ऊर्जेचा बीम मागितलास तर सॅम्पल स्वतःच किरणोत्सारी होतं आणि काही आठवडे तिथेच ठेवून यावं लागतं, सबमिशनची तारीख जवळ असेल तर हे आधी विचारात घे.

प्रस्ताव लिहायच्या आधी लॅपटॉपवर स्रिम हा फुकटचा प्रोग्राम चालव. तुझा आयन कुठवर जातो, कुठे थांबतो, किती अणू हलवतो, हे घरबसल्या कळतं. नुकसान मोजताना त्यातला झटपट हिशेबाचा किंचिन-पीज पर्याय घे, सविस्तर पर्यायात हललेल्या अणूंची संख्या फुगून येते. त्यातली घनता आपोआप भरली जाते तो नुसता अंदाज असतो, वडीतल्या पोकळ्या त्यात धरलेल्या नसतात. तुझी वडी तिसरा हिस्सा पोकळ असेल तर खोली बदलते, आणि खड्ड्यांतून उडालेला माल शेजारच्या कणावर परत बसतो, हे तो प्रोग्राम सांगत नाही.

डोस मोजताना एक गफलत जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस करतो. फॅरडे कपला, म्हणजे बीम झेलणाऱ्या धातूच्या पेल्याला, जोडलेला मीटर भार मोजतो, आयन मोजत नाही. चांदीच्या आयनवर ७ धन भार असेल तर मीटरवरचे ७ नॅनोअँपिअर म्हणजे खरे आयन १ ‘पार्टिकल नॅनोअँपिअर’ इतकेच, सेकंदाला ६२५ कोटी. १ चौरस सेंटिमीटरवर एक लाख कोटी आयन हवे असतील तर १६० सेकंद लागतात. सातानं भागायला विसरलीस तर २३ सेकंदांत बीम बंद करशील आणि घरी येऊन म्हणशील, आमचा पदार्थ अवकाशाला फार चिवट निघाला. दुसरं, आयन आदळला की कपातून इलेक्ट्रॉन उडतात, मीटरला तो जादा धन प्रवाह वाटतो. त्यासाठी कपाच्या तोंडाशी ऋण दाबाची कडी असते. ती चालू आहे का ते स्वतः बघ, शिफ्टवाल्यानं मान हलवली यावर जाऊ नकोस.

सॅम्पल लावताना प्रत्येक वडीशेजारी घासलेल्या तांब्याची एक चिंचोळी पट्टी ठेव, निम्मी बीममध्ये, निम्मी बाहेर. मारा झाल्यावर आधी तिच्याकडे बघ. ती स्वच्छ असेल तरच वडीकडे वळ. आणखी एक वडी सगळा प्रवास करू दे, चेंबरमध्ये बसू दे, फक्त तिच्यावर बीम पडू देऊ नकोस. कार्बन टेप शक्यतो टाळ, बारीक क्लिपनं पकड.

आणि लॅडर करून घेशील तेव्हा स्क्रूची भोकं आरपार ठेव. जिथे आरपार जमत नसेल तिथे स्क्रूच्याच मधून बारीक छेद पाडून घे, उद्यमनगरात तेवढं सहज करून देतात. आपल्याला कुणी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.